आठ सेकंद

मुरारला, गजकच्या दुकानावर,
जिथे थंडीभर तीळ कुटल्याचे ठोके जिन्याने वर येतात,
माझं रेडिओ स्टेशन आहे.
म्हणजे एक लॅपटॉप, खिडकीला गोधडी,
आणि माइकवर चढवलेला शुलामिथचा लोकरी मोजा.
जोडीतला दुसरा ती अजून शोधते.

महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
आता गाण्यांची नोंदवही ठेवतो:
कोण गायलं, कुठल्या साली,
कितव्या कडव्यात कोण खोकलं.

चौऱ्याऐंशीची एक कॅसेट आहे.
फिलेमोन मास्तरांची पेटी, पांढरी चार,
सुशीलाबाई त्रिभुवन पुढे, मागे सगळी मुरार,
आणि सगळ्यांच्या वर, कुरकुरणारा देवळातला पंखा.
पुतण्या ओबेद म्हणतो, काका, एक बटन दाबलं की जाईल.
त्या पंख्याच्या पात्यांवर माझ्या आजोबांचं नाव आहे,
स्मरणार्थ, तारखेसह.
फिरताना कुणाला कधी वाचता आलं नाही.
निदान ऐकू येऊ दे.

श्रोते पडद्यावर आकड्यात दिसतात. सात. अकरा. एकदा चोवीस,
ते ओबेदने कॉलेजात मोबाइल वाटून लावले होते म्हणून.
एक मस्कतला आहे, रात्रपाळीचा.
एक बीनाचे गार्ड, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात,
ते बोगद्यात शिरले की आकडा एकाने उतरतो.
पाळकसाहेबांना वाटतं, संदेश वाढवा. तरुणांना वाटतं, गिटार.
एक बाई लिहितात, मराठी फार होते,
दुसऱ्या लिहितात, हिंदी.
मी दोघींना तेच उत्तर पाठवतो:
प्रभूमध्ये सलाम, नोंद घेतली आहे.

ओबेदने यंत्राला एक नियम शिकवलाय.
आठ सेकंद काही वाजलं नाही
की ते धरून चालतं, काका गेले,
आणि आपणहून पियानो लावतं.

उत्तम शुक्रवारी मी तो नियम काढला.
बारा ते तीन एकही गाणं नाही.
माइक उघडा ठेवला, दार लोटलं,
आणि लू अंगावर घेत देवळात गेलो,
सात उद्गार ऐकायला.

संध्याकाळी ध्वनिफीत तपासली. सवयच ती.
गोधडीवर वाऱ्याच्या थापा.
टेम्पोवाला, पडाव, पडाव, पडाव.
खाली बर्फ फोडतात, उन्हाळ्यात तिथे शिकंजी मिळते.
कबुतर.
मग एक तास सात मिनिटांनी चपलांचा आवाज,
आणि झाडू.
तिला वाटलं असणार, आज स्टेशन बंद.

झाडूच्या दोन फटक्यांच्या मध्ये
ती गुणगुणायला लागली. मग गायला.
तेच, सुशीलाबाईंचं,
चारही कडवी, शेवटी एक जास्तीचं,
जे माझ्या वहीत नाही, कॅसेटमध्ये नाही,
तिच्या आईकडचं असावं.

चौतीस वर्षांपूर्वी, नाताळच्या तालमीत,
मंडळीसमोर मी म्हणालो होतो,
तू सुरात खाली उतरतेस.
एवढंच. लेखापरीक्षकाच्या आवाजात.
त्यानंतर घरात ती कुकरशी बोलली, मुलांशी, देवाशी,
माझ्यासमोर गायली नाही.

अजूनही उतरते. तिसऱ्या ओळीला, थोडीशी.
मी चार वेळा ऐकलं.
एकोणीस माणसं होती तेव्हा. एकही गेलं नाही.

रात्री बीनाहून निरोप:
ताई कोण? पुन्हा लावाल का?

ती ओट्याशी होती, भाकरी थापत.
मी विचारलं, मीठ पुरेसं आहे ना.
ती म्हणाली, खाऊन बघा.

वहीत गाणं लिहिलं, वेळ लिहिली,
झाडूसुद्धा लिहिला.
गायिकेच्या रकान्यात: अनोळखी.
एकतीस वर्षांच्या नोकरीत
अशी नोंद मी कुणाला करू दिली नव्हती.