रात्रपाळी

बुज्जी रांगायला लागली त्या रविवारी
दार ओढून घेतलं
आणि तिच्या आधी मीच रांगलो खोलीभर.
नागमणी म्हणाली, काय हरवलंय?
म्हटलं, थांब, बघू दे.

उभ्यानं ही खोली दहा बाय बारा.
गुडघ्यांवर आलं की केवढी होते.
पलंगाखाली पोतंभर अंधार,
त्यात एक टाचणी, अर्धा शेंगदाणा,
गड्ड्यावरून आणलेल्या शिट्टीतला मणी,
आणि लोखंडी पायाचा सुटलेला पत्रा,
बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत.
आठ वर्षं त्या पलंगावर झोपतोय,
पत्रा कधी दिसला नव्हता.

ठोकून बसवला.
वर चादरीची किनार गुंडाळली,
रंग चुकला म्हणून मालकानं बाजूला टाकलेली,
अर्धा मोर आहे तिच्यावर.
बोर्डाच्या भोकांना चिकटपट्टी.
कुलर शॉक मारायचा, तो खिडकीबाहेर टांगला.
आता वारा येतो, गार नाही येत.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून आमच्यात पाण्याची भीती दोन्हीकडून,
नसलं तरी आणि साठलं तरी.
निळा बॅरल, टब, तीन घागरी,
मोरीतली ती बादली.
आशाताई सांगून गेल्या,
लेकराला वीतभरसुद्धा पुरतं.
बादली रिकामी करून उपडी घातली,
बॅरलवर झाकण, झाकणावर पाटा.
चहाला तांब्याभर पाणी काढायचं तर
आता दोन माणसं लागतात.

मग उरलं नागमणीचं सूप.
भिजवलेली पानं, कात्री, पत्र्याचा फर्मा,
आणि तंबाखू, जी झाडून जात नाही,
फरशीच्या फटीत बसून राहते.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
सूप उचललं,
ईरम्माच्या ओट्यावर जाऊन बसली.
हजाराच्या सातशे झाल्या विड्या.
बोलली नाही ती, कार्डावर दिसलं.
सांजच्याला येते, दोनदा हात धुते,
लुगडं बदलते, मग उचलते.
तेवढ्यात बुज्जीचं रडून होतं.

सगळं झालं, म्हटलं.
मग माझे कान आठवले.

सोळा वर्षं मागावर.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्यात वरचे आवाज कधी गेले कळलं नाही.
कुकरची शिट्टी मला वाफेवरून कळते.
चिमणी चोच उघडते, मिटते.
परवा रात्री पाणी प्यायला उठलो,
पाळण्यात बुज्जीचं तोंड उघडं, डोळे गच्च.
मला वाटलं, जांभई.
नागमणी धडपडत आली अंधारातून,
तिला जवळ घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

या खोलीत कुठं काय लागेल,
सगळं शोधलं होतं मी.
हे नव्हतं शोधलं.

सोमवारी कारखान्यातून
बॉबिनवरचं उरलेलं सूत आणलं.
आठ पदर घेऊन पीळ दिला.
आशाताई म्हणाल्या होत्या, लेकराजवळ दोरी नको,
म्हणून एक टोक पाळण्याच्या वरच्या दांडीला,
तिचा हात पुढच्या वर्षीही पोचणार नाही असं,
तिथून छताच्या कडीतून, भिंतीवरून खाली,
पलंगाच्या पायथ्याशी
माझ्या अंगठ्याला.
फार ताठ नको, ढिलं नको.
एवढं मला येतं.
मागावर तार तुटली तर ऐकू कुठं येते,
ती हातालाच कळते.

नागमणी म्हणाली, बैलासारखा बांधून घेतलास.
आणि कूस बदलून झोपली,
पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून.

काल अडीचला ओढ आली.
उठलो.
रडत नव्हती,
पाय झाडत होती नुसती, छताकडे बघत.
थोडा वेळ उभा राहिलो.
पुन्हा आडवा झालो,
पाय तेवढा पांघरुणाबाहेर ठेवला.