डोळे भरायचा चाकू

जालन्याला सिंधी बाजारात, बगडियांच्या दुकानात,
काचेवर तीन चाकू मांडले होते.
किशनशेठ धारेला नाही,
पात्याच्या बुडाला बोट लावत होते :
हा जर्मन. हा जपानी.
आणि हा (आवाज खाली आणून) चायना.
पहिल्याचे सत्तावीसशे, दुसऱ्याचे दोन हजार,
तिसऱ्याचे एकशेवीस, वर म्यान फुकट.

मी कलमं बांधतो. अंबड रोडला नर्सरी,
जंबेरीचा खुंट, त्यावर मोसंबीचा डोळा.
आडवी चीर, उभी चीर, साल हलकेच उचलायची,
डोळा आत सरकवून पट्टी गुंडाळायची.
चीर केसभर खोल गेली की खुंट रडतो,
केसभर उथळ राहिली की डोळा वाळतो.
म्हणून विचारलं, उगीच नाही,
की शेठ, देशानं फरक पडतो का?
'पडतो तर,' शेठ म्हणाले,
'पंचवीसशे ऐंशीचा पडतो.'

मुनीरमामांकडे जर्मन होता.
सरकारी रोपवाटिकेच्या लिलावात, भंगाराच्या ढिगात,
दोन मोडक्या खुरप्यांसोबत आलेला.
सकाळी एकदा दगडावर फिरवला
की दुपारच्या भाकरीपर्यंत दोनशे डोळे.
खोटं कशाला बोलू,
तसं पातं मी परत पाहिलं नाही.
पण अठरा वर्षं घासून घासून
देशाच्या नावातली निम्मी अक्षरं गेली होती,
उरलेल्यांचा अर्थ लागत नव्हता.
मी बोट दाखवलं की मामा म्हणायचे,
'मुलुख नक्को देख रे, कलाई देख.'

मी चायना घेतला.
चाळिसाव्या डोळ्याला त्याची धार वळली.
आता पोरं त्यानं आंबे कापतात,
आणि तो सापडला नाही की घर डोक्यावर घेतात.

मग ते साल आलं, बागा उभ्या वाळल्या ते.
नर्सरीच्या कुंपणाला घिसाड्यांचं पाल पडलं.
नवरा सांडशीत लोखंड धरायचा,
घण केशरबाईचा.
ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा ऐरणीवर होता.
मी सवयीनं विचारलं, हे लोखंड कुठलं?
ती हसली. 'गाडी कुठं कुठं हिंडली असंल, मला काय ठावं.
तू सांग, कापायचं काय?'

हे किशनशेठनं विचारलंच नव्हतं.
मी जंबेरीची काडी तिच्या हातात दिली.
तिनं ती नखानं सोलली, वास घेतला,
नवऱ्याला म्हणाली, 'पातळ पायजे.'
थोड्या वेळानं पुन्हा, 'आजून पातळ.'

पाणी पाजायची वेळ आली तेव्हा
आमच्याकडं पाणी कुठलं?
विहिरीत कपारी मोजता येत होत्या,
टँकर दिवसाआड, तोही भांडणासकट.
बायकोनं हंड्यातले तीन तांबे मोजून दिले.
लाल पातं चर्र करून बुडालं.
बारा गावचं पाणी प्यालेलं असतं म्हणतात एखादं माणूस.
हे पातं एकाच टँकरचं प्यालं,
तेही पुरतं नाही :
उरलेल्या पाण्यात बायकोनं रात्रीची भांडी भिजत घातली.

पुढच्या साली बदनापूरहून एक साहेब आले रोपं न्यायला.
चाकू उलटा-पालटा करून म्हणाले, 'मेक कुठला?'
शिक्का शोधत होते. तिथं घणाचा एक ठोका होता,
जरा तिरपा.
चहा पिताना तेच सांगत होते,
मोसंबी हे नाव म्हणे मोझांबिकवरून आलं,
समुद्रापलीकडच्या.
आमच्या आळीत हे कुणालाच माहीत नव्हतं.
मार्केटात ती जालन्याची म्हणून जाते,
आणि भाव पडला की कुणाचीच नसते.

त्या हंगामात दोनशे डोळे भरले,
एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या.
एकशे एकाहत्तर हिरवे.
एकोणतीस काळे पडलेले, एकाच ओळीतले, सलग.
मी चाकूकडं बघितलं नाही.
त्या ओळीच्या वेळी माझं नि बायकोचं वाजलं होतं,
कशावरून ते आता आठवत नाही.
तिला आठवतं.