वॉर्सा ते लिस्बन, नेरूळहून मोजलेलं

लिस्बनला शलाका, वॉर्सात निनाद.
मधे दोन हजार सातशे साठ किलोमीटर,
विमानाने चार तास, वर थोडी मिनिटं.
मला कुणी विचारलेलं नाही.
नेरूळच्या सेक्टर दहामधे बसून
निवृत्त ड्राफ्ट्समनने दुसरं काय मोजावं!

आधी शाळेच्या ॲटलासवर फूटपट्टी ठेवली.
बेलापूरच्या ऑफिसात एकतीस वर्षं हेच केलं:
खाली खाजण, मिठागरं, वर ट्रेसिंग पेपर,
आणि त्यावर काळ्या शाईत सरळ रस्ते.
(सेक्टरचे आकडे घातले ते साहेबांनी.
सोळाच्या शेजारी सतरा का नाही,
हे रिक्षावाले अजून मला विचारतात.)

पण कागदावरची सरळ रेघ विमानाला लांब पडते.
पृथ्वी गोल आहे, हे अडुसष्टाव्या वर्षी
नव्याने अंगावर आलं.
मग माळ्यावरून निनादचा पृथ्वीगोल काढला,
हिच्या शिवणाच्या डब्यातला जांभळा दोरा घेतला,
एक टोक वॉर्सावर अंगठ्याने दाबलं,
दुसरं लिस्बनपर्यंत ताणलं.
दोरा आपोआप वर सरकला;
जर्मनी, फ्रान्स, समुद्राचा एक कोपरा, स्पेन.
बोटभरही भरला नाही.

तीन वर्षांत या बोटभरावरून
दोघांपैकी कुणी कुणाकडे गेलेलं नाही.

त्या मे महिन्यात निनाद वॉर्साहून निघाला,
दोह्याला पुढचं विमान चुकलं,
त्याच्या पुढचं नऊ तासांनी.
ही हॉलमधे, बर्फाच्या लाद्यांवर.
लाद्या वितळत होत्या, पाणी दारापर्यंत आलेलं.
वायंगणकरांनी तीनदा विचारलं,
'मुलगा कुठवर आलाय?'
विमान कुठवर आलं ते फोनवर दिसतं.
खुर्चीत बसून राहिलेला माणूस दिसत नाही.
शलाका जिन्यात जाऊन आली
आणि सगळ्यांना म्हणाली, 'थांबायचं नाही.'

तो पोचला तेव्हा
सारसोळेच्या स्मशानात राखसुद्धा निवली होती.
'तू थांबली नाहीस,' एवढंच बोलला तिला.
चौदाव्याचं जेवून दोघं गेली,
एकाच रात्री, वेगवेगळ्या विमानांनी.

जिन्यात मी होतो.
मीच म्हणालो, नको थांबूया, शलू,
मला बघवत नाही तिला असं.
हे तिने भावाला सांगितलं नाही.
मीही नाही.

वेळापत्रकात आज एक गोष्ट सापडली:
लिस्बनहून वॉर्साला जायला
उलट्या प्रवासापेक्षा वीसेक मिनिटं कमी लागतात.
वारा पश्चिमेचा. पाठीशी राहतो.
म्हणजे शलाकेने जाणं सोपं.
पण तिने का म्हणून?
त्याने निघावं, वाऱ्याला तोंड देत,
वीस मिनिटं जास्त अवघडावं त्या सीटवर.
आणि निघण्याआधी त्याला
जिना माहीत पाहिजे.

नेरूळात साडेदहा. कुठलंसं विमान
पारसिकच्या डोंगरावरून दिवे लावून उतरतंय.
वॉर्सात सातच वाजलेत, जेवायला बसला असेल.
बसू दे.
नाही, नको बसू दे.
दोरा अजून बोटाला गुंडाळलेला आहे,
त्याच बोटाने नंबर दाबतो.

रिंग जाते आहे.