उघडी मूठ

ब्रिजवॉटरच्या फोर स्ट्रीटवरची शाखा शुक्रवारी बंद होते आहे.
मी खोकी भरते आहे.
तळघरात, गळक्या पाइपाखाली सापडला तो:
अँब्रोज टिडकोम, निबंध, तीन खंड,
पाठीवरचं सोनं उडालेलं,
दुसऱ्या खंडाची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच.
दीडशे वर्षांत कुणाला सुरी लावावीशी वाटली नाही.

याच इमारतीत त्याच्या बापाची पेढी.
दिवसा धान्याच्या हुंड्या, रात्री निबंध:
पार्लमेंट, व्याज, बाजाराला भरणारी धडकी.
लिहितो छान, मेला. जेवताना बोलावं तसं.
आणि आम्हांला अर्ध्या पानात उरकतो:
हिंदुस्थानी रयतेला समजवायचं नसतं, दिपवायचं असतं.
कधी आला नव्हता.
इथल्या वीटभट्टीवरच्या माणसांबद्दलही तेच मत,
आणि ती तर खिडकीतून दिसत असणार.
मी पान दुमडलं. मग सरळ केलं.

पण पुढे कुठेतरी, पहिल्या खंडाच्या शेवटाकडे, म्हणतो,
घबराट सुटली की हात आखडू नका.
मागेल त्याला द्या, भराभर द्या, लोकांना दिसेल असं द्या.
आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची.
हा म्हणतो, कबूल, पण रांग लागेपर्यंतच.

हे मी आधी ऐकलं होतं. बेरिल चिज्जीकडून.
त्या सप्टेंबरात रांग खाटकाच्या दुकानापर्यंत गेली,
पॅरेट नदी भरतीला उलटी चढते तशी, तपकिरी, न बोलता.
वरून फोन आला: सावकाश मोजा.
बेरिलने फोन ठेवला, दोन्ही खिडक्या उघडल्या,
नोटांची गाडी काचेसमोर आणून उभी केली
आणि दार मिटू नये म्हणून खाली वीट सरकवली.
साडेतीनला रांग विरली.
एक म्हातारा परत आला, मान खाली घालून,
सकाळी काढलेले पैसे भरायला.
कुठे शिकलीस, विचारलं तर म्हणाली, म्हाताऱ्या सलीकडून.
आणि सली?
कोण जाणे.
टिडकोम? तो कबुतरांचा पुतळा?

कराडच्या पतपेढीत माझे वडील कारकून.
तिथे शटर आतून ओढलं होतं
आणि किल्ली धरायला दिली होती सर्वांत लहान नोकराला.
नंतर कितीतरी वर्षं बाबा भाजी आणायला
अंधार पडल्यावर जायचे.
पत हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे,
पत्रिकेतल्या पतीलासुद्धा आई ‘हे’च म्हणायची,
हा विनोद माझा, बाबांना कधी ऐकवला नाही.

पुस्तकं नगरपालिकेला जातील. यादीत चढवली:
खंड तीन, ओल लागलेली.
दाराखालची वीट यादीत नव्हती.
एका कोपऱ्यावर कुणाचातरी अंगठा उमटलेला,
भाजण्याआधीचा.
पिशवीत टाकली. जड आहे.
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.