निळी फुली

बत्तीस वर्षं मी कापडाकडे बघायचा पगार घेतला.
परदेशीपुऱ्यातली गिरणी, फोल्डिंग खातं,
तिरक्या काचेवरून ताग्यामागून तागा सरकायचा,
खालून दिवा, वरून मी.
तुटका धागा, तेलाचा डाग, जाड बाणा
दिसला की निळ्या खडूची फुली.
फुलीचा माल सेकंड.
त्यावर कुणाचं अपील नाही.

आता त्याच डोळ्यांना
स्कूटरच्या दिव्याभोवती शेवया दिसतात.
गॅलरीतला बल्ब पिंजून ठेवलेला.
जिन्याची शेवटची पायरी दोनदा येते,
किंवा येतच नाही.
परवा चहात मीठ घातलं. म्हटलं, इंदूर आहे,
इथं सगळ्यावर काहीतरी भुरभुरतात.
सून हसली नाही. मृण्मयी सहसा हसते.

तर सर्जन बघायला निघालो,
कापड बघावं तसा, उलटी बाजू आधी.

पलासियाला काचेची इमारत.
डॉक्टर भेटले चार मिनिटं,
काउंटरवरचा मुलगा पस्तीस.
त्यानं लेन्सा मांडल्या : साधी, घडीची, परदेशी,
जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी.
"अंकल, लाइफ में एक ही बार तो डलवाना है."
हेच वाक्य बहिणीच्या लग्नात शालूवाला म्हणाला होता.
शालू पाच वर्षांत घडीवर चिरला.

चौकसे म्हणाला, मी तर शिबिरात केलं,
फुकट, वर खिचडी.
त्याला छान दिसतं, पत्त्यांत मला रोज हरवतो.
पण कुणी केलं ते नाव त्याला आठवेना,
आणि शिक्का नसलेला तागा
मला घेता येत नाही.

डॉक्टर तस्नीम रंगवाला, सियागंजच्या मागे.
अरुंद जिना, कुरकुरणारा पंखा.
हनुवटी इथं, कपाळ टेकवा, लाल ठिपक्याकडे बघा.
ती बघत राहिली.
ओळखीचं होतं ते बघणं,
खालून दिवा, वरून ती.
मग म्हणाली, "रात्री लघवीसाठी काही गोळी घेता?"
सुनेसमोर.
मी पंख्याकडे पाहिलं.
दोन वर्षं झाली, म्हटलं, हळू.
"त्या गोळीनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो,
मध्येच फडफडतो. आता बंद करून उपयोग नाही.
आधी कळलं की मी तयारीनं बसते."
याआधी हे कुणी विचारलं नव्हतं.

"किती बिघडल्या?" मी विचारलं.
मृण्मयीचं कोपर लागलं.
तिनं पेन खाली ठेवलं.
"या वर्षी दोन. एक सावरली."
दुसरीचं काही बोलली नाही, पण नजरही काढली नाही.
तेवढ्यावर मी तारीख घेतली.

"टाके?"
"एकही नाही. चीर आपली आपण मिटते."
तीन रात्री मी यावरच जागा.
टाक्याशिवाय काय टिकतं?

फ्रीजमध्ये दह्याशेजारी थेंबांची बाटली.
दिवसातून चार वेळा मृण्मयी माझी पापणी ओढते,
मी तोंडही उघडतो, का कोण जाणे.
साखर तपासली, दाब तपासला,
पुढून बटणांचा सदरा काढून ठेवला.
आठवडाभर डोक्यावर पाणी नाही म्हणून
आदल्या रात्रीच न्हालो, शिकेकाई न लावता.
संमतीचा कागद भिंगाखाली धरून दीड तास वाचला.
दृष्टी जाऊ शकते, असं सातव्या ओळीत होतं.
सही केली. ती आठवीवर चढली.

सकाळी हिरवी टोपी, हिरवा झगा,
सेकंड माल. पोत बरा नव्हता.
"कौन सी आँख?" चौथ्यांदा विचारलं नर्सनं.
उजवी. दाहिनी. हीच.
तिनं निळं पेन काढलं
आणि भुवईवर टेकवलं. गार लागलं.

"फुली नको," मी म्हणालो.
"फुली नहीं, अंकल," ती म्हणाली,
"हिलो मत. तीर बना रही हूँ."