माया

पारोळ्याच्या बाजारगल्लीत माझं मशीन.
चोवीस वर्षं परकर शिवते.
कोणाची कंबर बाळंतपणानं वाढली,
कोणाची दुखण्यानं घटली,
टेप न लावता सांगेन.
कमरेवरची कातडी मात्र
कधी पाहिली नव्हती.

केवळबाई म्हणाली, "नेफा रुंद कर व माय."
"कितला?"
"चार बोटं. नाडा टोचस माले."
मी हसले, सत्तरीत काय ही नवी फॅशन!
ती हसली नाही.
दार लोटलं, लुगडं सैल केलं.

उजवीकडे, गाठ बसते तिथं,
बैलाच्या मानेवर जू पडतं तसा काळा, राठ पट्टा,
आणि त्यात रुपयाएवढी जखम,
कडा पणतीसारख्या वर आलेल्या.

"कव्हयपासून?"
"मागला कापूस येचा तव्हयपासून."
हळद झाली, एरंडेल झालं,
मेडिकलवाल्यानं अंदाजानं दिलेली ट्यूब झाली.
"दुखत नही ना, मंग कसाले दखाडू?"

पन्नास हंगाम
कमरेला फडकं, फडक्यात पाच-सहा किलो कापूस,
सगळं ओझं सुतळीएवढ्या नाड्यावर.
सकाळी दहिवरात ओला,
दुपारी घामात,
रात्री निजतानाही तसाच करकचून.
सोडायचा असतो हे कोण सांगणार,
मी तर घट्ट बसावा म्हणून
बारीक गोंडा लावून द्यायची.

धुळ्याला मीच घेऊन गेले.
सुनेला सांगायची तिला लाज,
लेकाला तर त्याहून.
डॉक्टरीण तरुण. जांघेत गाठ आहे का,
डोळे मिटून चाचपलं.
मी कापडातली गाठ शोधते, तसंच.
जखमेचा तुकडा तपासायला पाठवला.
अकराव्या दिवशी कागद आला.

"कातडीचा कॅन्सर आहे आजी," ती म्हणाली,
नेहमीच्याच आवाजात.
"मन्हं कोनतं पाप?"
"पाप नाही. घासणं. एकाच जागी, रोज.
महिनाभरात जखम भरली नाही की दाखवायची.
लवकर दाखवली असती तर छोटं काम होतं.
आताही होईल."

मग कागदावर पेनानं एक गोल काढला,
त्याच्याभोवती मोठा दुसरा.
"आजूबाजूची चांगली कातडीही काढावी लागेल,
मागे काही राहू नये म्हणून."
लेक गोंधळला. चांगली कशाला कापायची?
मला कळलं.
शिवणीच्या बाहेर आम्ही जे कापड सोडतो,
त्याला माया म्हणतात.
कापताना ती धरली नाही
तर पुढं सगळंच उसवतं.

मांडीची कातडी कमरेला जोडली.
टाके दिसतात, रंग जुळत नाही;
माझ्या हातून असं ठिगळ गेलं असतं
तर गिऱ्हाईक परत आलं नसतं.
पण धरलं.
दर तीन महिन्यांनी एसटीनं धुळ्याला जाते,
घरात गाऊन घालते,
"पयले लई लाज वाटे," म्हणते,
आणि येताना माझ्यासाठी शेव आणते.

त्या रात्री मी दिव्याखाली
माझी कंबर पाहिली.
काळी रेघ. खाज कधीची,
मी ती मोजलीच नव्हती.

आता नेफा चार बोटं, नाड्याऐवजी रुंद पट्टी.
पट्टी थोडी वर, थोडी खाली, रोज जागा बदलून.
आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.
कापड जास्त लागतं म्हणून कुरकुरतात.
मी माप घेताना विचारते, खाज येते का?
काहीजणी चिडून दुसऱ्या दुकानात गेल्या.

काल एक आली, नवी, चाळिशीची.
"खाज? छे हो ताई," म्हणाली,
आणि तिचा हात
आपसूक उजव्या बाजूला गेला.

मी टेप खाली ठेवला.
उठून दार लोटलं.