वगळलेली

हान्दान शहराबाहेर, ज्वारीच्या वाळल्या ताटांपलीकडे
विद्यापीठाचा मेंढवाडा. डिसेंबर.
मेंढ्याच्या छातीला फासलेला लाल रंग
ज्या मेंढीच्या पाठीवर उमटेल
तिचा तो दिवस शून्य.
तिथून पुढे वेई शूयुन वहीत मोजते:
तेरा, सोळा, पंचवीस.

तेराव्या दिवशी आत एक धागा असतो.
गर्भ म्हणायलाही जीभ अडखळावी इतका,
सुईत ओवण्याआधी ओठांनी ओला केलेला,
रातोरात लांबत जाणारा.
निम्मा तिचा, निम्मा त्या लाल छातीवाल्याचा.
म्हणजे परकाच की.

आणि परक्यासाठी अंगात पहारा असतो.
टोल म्हणतात त्या राखणदारांना.
आपल्याला ऐकून नाका आठवतो,
आडवा दांडा, सुट्ट्या पैशांवरून भांडण.
हे बसतात पेशीच्या उंबऱ्यावर,
जन्माआधीच नेमणूक झालेले.
कुणी शिकवलं नाही तरी ओळखतात
जंतूची साल, विषाणूचं तुटकं शेपूट.
ओळख पटली की आरोळी,
आरोळीवर अख्खं गाव उठतं
काठ्या घेऊन.

मग धाग्यावर का नाही उठलं?

धागा बोलतो म्हणे. अगदी हळू.
त्याचा निरोप रक्तातून
प्लीहेत जातो, यकृतात जातो,
मानेतल्या थायमसपर्यंत जातो.
राखणदार जागेच असतात, हे शूयुनला दाखवायचंय:
कुठे ते आवाज खाली आणतात,
कुठे उलट चढवतात,
कुठे नुसते खाकरतात, अंधारात, ओळखीच्या माणसासारखे.

पण सोळावा दिवस पाहायचा
तर सोळावा दिवस तिथेच थांबवावा लागतो.
प्लीहा बर्फात. गाठी बर्फात.
धागा काचेच्या बशीत, खारट पाण्यावर,
अजून काही सांगायचं राहिल्यासारखा हलतो.
शूयुन त्या दिवशी डबा उघडत नाही.
घरी सांगते, कँटीनमध्ये खाल्लं.

रात्रीचा राखणदार ग्वो बाओतिएन.
सत्तरी गाठलेला, गुडघ्यांवर कुत्र्याच्या कातड्याच्या पट्ट्या.
निबंधबिबंध त्याला ठाऊक नाहीत,
कुठली मेंढी कुठल्या दिवशी फाटकाबाहेर जाते, ते ठाऊक आहे.
एका पहाटे फळीवर त्याचं वाकडं अक्षर:
सत्तावीस नंबर. रंग नाही. लंगडते. वगळावी.

शूयुन खाली उतरली.
सत्तावीस नंबर गव्हाणीपाशी
चारी पायांवर ठाकठीक उभी.
शेपटीच्या मुळाशी, लोकरीच्या आत,
धुतलेला, तरी पुरता न गेलेला गुलाबी.
रॉकेलचा वास.
ग्वो पाठमोरा, कोळशाच्या शेगडीवर
राळ्याची पेज ढवळत,
नखांत तोच गुलाबी.

तिनं पाहिलं.
ओरडायला तोंड उघडलंही असेल,
थंडीत वाफ दिसली तेवढी.
मग कानामागची पेन्सिल काढून
'लंगडते'च्या पुढे तिनं लिहिलं:
पुढचा डावा पाय.
आणि सही केली.

"बस. निवेल," ग्वो म्हणाला,
वाडगा तिच्याकडे सरकवत.

छापील निबंधात, पद्धतींच्या बारीक अक्षरांत, एक ओळ आहे:
एक जनावर पायाच्या तक्रारीमुळे वगळले.

मे महिन्यात
त्या तक्रारीला जुळं झालं.